व्हर्लिनचे चौदा गुण

आमच्या प्रेअरी लेक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सामन्यांच्या साखळीत, आठ कॉलेजं, आणि प्रत्येकाला वाटतं खरं बास्केटबॉल आपल्याच जिममध्ये खेळलं गेलं. शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हाच मी ठरवलं, आठवणी सगळ्यांच्या ऐकायच्या, विश्वास फक्त स्कोअरबुकावर ठेवायचा.

आणि १९६१च्या स्कोअरबुकानंच मला छळलं. हॉर्टन कॉलेजविरुद्ध आमच्या कॉलेजच्या जीन हाल्वर्सनचे तीस गुण, व्हर्लिन ओस्टरहाउसचे चौदा, तेही सगळे उत्तरार्धात. एरवी चार वर्षांत या व्हर्लिननं एकही गुण केलेला नाही. बाकावरच्या माणसाच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं? आठवडाभर मला चैन पडेना. शेवटी उठले आणि त्यांच्या घरी गेले.

व्हर्लिन आता पंच्याऐंशीचे. गावातल्या कॅफेत त्यांना अजून ‘चौदा’ म्हणूनच हाक मारतात. त्यांच्या बायकोनं, आर्डिथनं, ॲपल पाय आणून ठेवला आणि ती कॉफी करायला आत गेली.

“त्या दिवशी झालं तरी काय?” मी विचारलं.

“पडत गेले बास्केट.”

“तुमचे? सरावातसुद्धा पडायचे नाहीत म्हणे!”

त्यांनी एक तुकडा कापून माझ्या बशीत ठेवला. मग म्हणाले, “मार्लिस, जीनचा शर्ट फाटला. जादा शर्ट कुठले आमच्याकडे! कोच म्हणाला, ओस्टरहाउस, तू काही उतरत नाहीस, काढ तुझा. काढला.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेव्हा टेबलाशी एक जण शर्टावरचा नंबर पुकारायचा आणि गणिताचे प्रोफेसर मान वर न करता लिहायचे. शर्ट बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही; जीनचे गुण व्हर्लिनच्या नावापुढे चढले.

“मग तुम्ही का नाही सांगितलंत?” मी खेकसलेच.

“सोमवारी सांगणार होतो. रविवारी घरी गेलो, तर वडिलांनी पेपरातला गुणांचा तक्ता कापून गोठ्याच्या दारावर लावलेला. गाई सोडून ते कधी सामन्याला आले नव्हते. जीन म्हणाला, राहू दे. पुढे वडील गेले, पण तोवर माझं लग्न झालं होतं.” त्यांनी आवाज हळू केला. “आर्डिथला काय सांगायचं? आता जीनही गेला, मार्चमध्ये.”

तीस आणि चौदा, चव्वेचाळीस. कॉन्फरन्सचा विक्रम एक्केचाळीसचा आहे, तोही हॉर्टनच्या माणसाचा. म्हणजे विक्रम जीनचा होता, आणि तो जन्मभर गप्प बसला.

“मी तुमच्या बाकासमोरच बसले होते, व्हर्लिन.” आर्डिथ कॉफी घेऊन दारात उभी होती. “आणि सामनाभर तुझ्याकडेच बघत होते. टॉवेल गुंडाळून काकडत होतास.”

“इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तुला ते चौदा आवडत होते.”

व्हर्लिननी डोळे पुसले आणि माझी वही माझ्यासमोर सरकवली.

“जीनपुढे चव्वेचाळीस लिही. आणि माझ्यापुढे शून्य मांड. माझ्यादेखत.”

मी मांडलं.