अक्षरं उमटेनात

श्रावणी सोमवारी जगदेवी दिवे लागेपर्यंत बोलत नसे. यंदा हे मौन तिनं लेकीच्या नावानं धरलं होतं. शिवकन्या बी.एड. पास होऊ दे, महादेवा. कपाळाला विभूती लावून ती पाटोद्याहून लेकीसोबत बीडला आली होती आणि आता बद्रीनाथच्या नेट कॅफेत स्टुलावर बसून मनातल्या मनात जप करत होती. जप सारखा तुटत होता.

पाचच्या आत शिवकन्येला कॉलेजात प्रकल्प द्यायचा होता. पाटोद्याच्या सुग्रीवनं तो मराठीत टाईप केला, पण ऐन वेळी त्याचा प्रिंटर बसला. "मेलवर टाकतो, बीडला छापून घ्या," म्हणाला. फाईल आली, उतरवली, उघडली, आणि पडद्यावर मराठीचा मागमूस नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, सगळी खिचडी.

"ही कुठली भाषा म्हणायची, ताई?" बद्रीनाथ हसला.

"हसता काय! माझं वर्ष जाईल."

कोपऱ्यातल्या दुसऱ्या मशीनवर पाहिलं. तेच. समोरच्या कॅफेत पाहून आल्या. तिथंही तेच.

"फाईलच बिघडली हाय," बद्रीनाथ म्हणाला. "सुग्रीवला फोन लावा."

फोन वाजत राहिला. कुणी उचलेना.

जगदेवी स्टुलावरून ताडकन उठली. शिवकन्या तासाला असताना टायपिंगवर लक्ष ठेवायला सुग्रीवच्या दुकानी तीच बसायची. तो सांगायचा, "मावशी, ही अक्षरं ज्या कॉम्प्युटरात घातलेली हायेत, तिथंच दिसत्यात. मी बीडच्या अंगदकडनं आणली. माळीवेशीत छापखाना हाय त्याचा." लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिनं लेकीचा हात ओढला, दाराकडं बोट केलं, तळहात टेबलावर ठसा मारल्यासारखा दाबला.

"काय गं आई? चक्कर येतीय का?"

"पाणी पाजा त्यांना," बद्रीनाथ म्हणाला. "उपास लई कडक दिसतोय."

लिहून दाखवणं म्हणजे तिच्या लेखी बोलणंच. आणि व्रत मोडूनही पोर अडकली तर? जन्मभर टोचणी. शिवकन्येनं पुन्हा फोन लावला. पुन्हा कुणी नाही. रिसीव्हर ठेवून तिनं घड्याळाकडं पाहिलं.

जगदेवीनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

"अंगदचा छापखाना. माळीवेस. त्याच्याकडं हायेत ही अक्षरं."

"आई! तू बोललीस?"

"बोलले. चल आता."

बद्रीनाथनं फाईल फ्लॉपीवर घालून दिली. छापखान्यात अंगदनं ती मशीनमध्ये सारली. मशीन कुरकुरत बसली. मग पडद्यावर पहिली ओळ आली. मराठीत. शिवकन्येला रडूच कोसळलं.

"एवढं घाबरलात कावून?" अंगद म्हणाला.

"माझ्यापायी तुझं मौन गेलं, आई."

"ते मी आणि महादेव बघून घेऊ. तू पानं नीट लाव."

प्रिंटर एकेक पान रखडत काढत होता. शेवटचं पान हाती आलं तसं रिक्षा केली. कॉलेजात शिरल्या तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला कारकून खिडकी लावून घेत होता. शिवकन्येला धाप लागलेली. तोंडातून शब्द फुटेना.

"साहेब, थांबा!"

हाक इतकी मोठी होती, की व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली. जगदेवीचा असा आवाज लेकीनंही कधी ऐकला नव्हता.

कारकुनानं मान वर केली आणि हात पुढं केला. "आणा इकडं."