केसभर डावीकडं

मी एक जुना कॅमेरा आहे मित्रांनो, पण आयुष्यात एकाही लग्नाला गेलेलो नाही. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या यंत्रावर मी बसून असतो. समोर सुईच्या टोकावर प्रथिनाचा स्फटिक, राजगिऱ्याहून बारीक. तो किरणाच्या वाटेत नेमका आला, तरच प्रथिनाची घडण कळते.

त्याला जागेवर आणायचे मोहियोद्दीनचाचा. त्यांचे वडील इतवाऱ्यात घड्याळं दुरुस्त करायचे, तीच हलकी बोटं चाचांची. पडद्यावर मी टिपलेलं चित्र बघून ते स्फटिकावर क्लिक करायचे, की ती जागा किरणाच्या वाटेत येईल इतकी सुई यंत्र सरकवायचं. रोज सकाळी मऊ फडक्यानं माझी काच पुसायचे. फार सुखाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू.

चाचा निवृत्त होऊन औशाला लेकीकडं गेले. मग इथंच संशोधन करणाऱ्या उमरीच्या ज्योत्स्नानं माझी हजारो चित्रं, चाचांच्या क्लिकसकट, संगणकाला दाखवली. तो शिकला आणि आपोआप सुई सरकवू लागला. त्याच सुमारास सुई धरून ठेवणारी घासलेली खिट्टीही बदलली. सगळे संगणकाचं कौतुक करत. माझ्या काचेवर धूळ बसू लागली.

तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीला रोखणारं एक प्रथिन आहे. ज्योत्स्नाच्या दोन वर्षांच्या कष्टातून त्याचे तीनच स्फटिक तयार झाले होते. पहिल्या दोघांना किरण कडेनं घासून गेला. ज्यांच्यावरून घडण कळते ते किरणांचे ठिपके पुसट आले, स्फटिक भाजून वाया गेले. कारण मला माहीत होतं, पण मला तोंड कुठलं?

तिसऱ्याला हात लावायच्या आधी तिनं फोन केला.

"चाचा, तुमच्यासारखंच शिकवलंय, तरी संगणक नेम बाजूलाच धरून राहिलाय."

"खिट्टी जुनीच हाय ना?"

"न्हाई, नवी बसवली."

"मग गलती माझी हाय, बेटा. जुनी खिट्टी ढिली होती, सुई ढळायची. म्हणून मी क्लिक केसभर डावीकडं करायचो. कुणाला सांगायचं राहूनच गेलं."

ज्योत्स्नानं संगणकाच्या हिशोबातून ते केसभर अंतर काढून टाकलं. तिसऱ्या स्फटिकाचे ठिपके लख्ख उमटले. ती रडली, आणि ठिपक्यांचा पहिला फोटो औशाला पाठवला.

चाचांनी उलट विचारलं, "माझ्या कॅमेऱ्याची काच कोण पुसून राहिलंय?"

"मी," ती म्हणाली. खोटंच होतं ते. पण त्या दिवसापासून ती रोज पुसते.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा. आणि जुना माणूस कामावरून निघाला, की दारापर्यंत सोडायला जा. जाता जाता विचारा, चाचा, काही सांगायचं राहिलं का?