मोजायची राहिलेली पट्टी

माझा धाकटा किशोर मालवणच्या समुद्रात मोजणीच्या बोटीवर होता. सून तृप्ती नाशकात, अंबडच्या एका ऑफिसात, त्याच मोजणीचे आकडे साफ करायची. मी चिडवायचे, "तो तिकडून कचरा पाठवतो, ही इथे झाडते." दोघंही हसायची.

खोल पाण्याचा तळ बोट ध्वनिलहरी सोडून मोजायची. किनाऱ्यालगतचा उथळ तळ विमानातून लेझरने मोजत. मध्ये खडकांपाशी पाणी गढूळ, तिथे लेझर पोचेना आणि बोट जाईना. नकाशात तेवढी पट्टी पांढरी राहिली. तृप्तीने नियमाप्रमाणे कळवलं, इथे पुन्हा मोजणी हवी. २००५च्या मे महिन्यात ती पट्टी भरायला गेलेली बोट खडकावर आपटून बुडाली. बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले. किशोर सापडलाच नाही.

देह मिळाला नाही तर आमच्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. माझ्या थोरल्या जाऊबाई, वत्सलाबाई, सायखेड्याहून त्यासाठीच आल्या.

"अगं, पोराला किती दिवस असं अधांतरी ठेवशील?"

"गवताला किशोर म्हणू का मी? आधी तो तळ दिसू दे."

पावसाळ्यानंतर दुसरी बोट गेली. आकडे तृप्तीने हट्टाने स्वतःकडे घेतले. एका रविवारी ती मला ऑफिसात घेऊन गेली. कॉम्प्युटरवर तळ रंगांत दिसत होता, उथळ तांबडा, खोल निळा.

"हा खडक. आणि ही त्यांची बोट, आई."

लांबट उंचवटा होता नुसता.

"आणि तो?"

"माणूस दिसण्याइतकं बारीक यात येत नाही." तिने चित्र मोठं केलं. "हे सुटे ठिपके दिसतात ना, ते मासे असतात, बुडबुडे असतात. चूक समजून आम्ही ते पुसतो. बोटीजवळचे मात्र माझ्याच्याने पुसवत नाहीत. साहेब रोज विचारतात."

मग ती हळूच म्हणाली, "ही पट्टी मीच मागितली होती."

"ते तुझं काम होतं. तो गेला, ते त्याचं काम होतं."

ती रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. त्यातला एखादा तो असेल, असं मलाही वाटत होतं.

"पूस, बाळ," मी म्हणाले.

सगळे एकदम पुसता येत होते म्हणे. तिने एकेक पुसला.

घरी आल्यावर मी सायखेड्याला फोन लावला आणि वत्सलाबाईंना दर्भ आणायला सांगितलं.