खाजा पिंजाऱ्याची बद्दुआ

खाजा पिंजारी पाच वक्ताचा नमाजी होता, पण बारा वर्षांत त्यानं अल्लाकडं एकच गोष्ट मागितली होती: रेवणसिद्धाचं वाटोळं होऊ दे. पोरगी बरी होऊ दे, एवढंही त्यानं कधी मागितलं नाही.

भूकंप झाला तेव्हा त्याची सादिया दीड वर्षाची होती. किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात माळवदं बसली. पहाटे तिला मातीतून उकरून काढलं तेव्हा डोक्याला खोक पडली होती, पण श्वास चालू होता. गावात धड अशी एकच जीप उरली होती, रेवणसिद्धाची. खाजानं बायको बानोला पोरीसकट मागं बसवलं. तेवढ्यात रेवणसिद्ध दोन गड्यांच्या खांद्यावर लोखंडी कपाट देऊन आला.

"उतरा, उतरा. हे आधी जाऊ दे. पुढच्या खेपेला नेतो तुम्हाला."

पुढची खेप आलीच नाही. दुपारी मिलिटरीचा ट्रक मिळाला. लातूरच्या डॉक्टरांनी पोरगी वाचवली, पण म्हणाले, "चार तास आधी आणायला पाहिजे होतं."

ते चार तास खाजाच्या काळजात रुतून बसले. सादिया वाढली ती नुसती अंगानं. मान धरेना, बोलता येईना, हाताची बोटं आत वळलेली. घास मऊ करून चमच्यानं भरवावा लागे. मशिदीतले इमामसाहेब म्हणायचे, "खाजाभाई, सब्र करा. अशी औलाद म्हंजे जन्नतची वाट." खाजा मान हलवायचा आणि हात उचलून पुन्हा तेच मागायचा.

लातुरात येऊन तो गाद्या भरू लागला होता. क्लासेसचं पेव फुटलं, गल्लोगल्ली हॉस्टेलं झाली आणि त्याच्या हाताला उसंत मिळेना. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मुलींच्या एका नव्या हॉस्टेलचं चाळीस गाद्यांचं काम आलं. माप घ्यायला गेला, तर खुर्चीत मालक म्हणून रेवणसिद्ध बसलेला. पोट सुटलेलं, केस काळे केलेले. त्यानं खाजाला ओळखलं नाही.

खाजानं चाळीसही गाद्या चोख भरून दिल्या. कापसाशी बेइमानी त्याच्या हाताला जमणारी नव्हती. मनात दुसरंच शिजत होतं.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. नांदेड, लोहा, परभणीकडचे आईबाप पोरी घेऊन लातुरात उतरू लागले. खाजा रोज सकाळी सादियाला बेअरिंगच्या चाकांच्या गाड्यावर निजवायचा आणि त्या हॉस्टेलच्या फाटकाशी जाऊन थांबायचा. बानोला सांगायचा, "पोरीला जरा हवेला नेतो." आईबाप थबकले की एवढंच म्हणायचा, "ही माझी लेक. भूकंपात ह्या हॉस्टेलच्या मालकानं हिला जीपमधून उतरवलं आन् आपलं कपाट नेलं. तुमची पोर त्याच्या भरवशावर ठेवायची का न्हाई, तुम्ही बघा."

शब्द एकही खोटा नव्हता. लोक सादियाकडं बघायचे, आपल्या पोरीचा हात धरायचे आणि पुढचं हॉस्टेल गाठायचे.

पाचव्या दिवशी हे सगळं कानावर जाऊन रेवणसिद्ध बाहेर आला.

"खाजाभाई, काय पाहिजे तुम्हाला?"

"चारचौघांत कबूल करा."

"काय कबूल करू? माझी माय ढिगाऱ्याखाली होती तवा. डोस्कं ठिकाणावर नव्हतं. कोण चढलं, कोण उतरलं, खरंच याद न्हाई मला."

"कपाट बरं याद ऱ्हायलं!"

खाजाच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं ज्याच्या नावानं तो जळत होता, त्याच्या ते गावीही नव्हतं.

पण एक घोळ होऊ लागला. आधीच राहायला आलेल्या पोरींना सादियाचा लळा लागला. लोह्याची बुद्धप्रिया क्लासहून आली की तिच्या वेण्या घालत बसायची. "सादू, आज फिजिक्सनं पार जीव घेतला बघ," म्हणायची आणि सादिया खिदळायची. ते बघून एक बाप म्हणालाच, "पोरगी तर मजेत दिसती की."

दुसऱ्या दिवशी खाजानं गाडा फिरवला आणि सादियाचं तोंड भिंतीकडं केलं. पोरींचे आवाज यायचे, पोरी दिसायच्या नाहीत. ती हंबरडा फोडायची. त्या रडण्यानं काम झटक्यात व्हायचं.

तिसऱ्या दिवशी बानो शोधत आली. भर उन्हात भिंतीशी आरडणारी लेक तिनं बघितली, बाजूला उभा नवरा बघितला.

"त्यानं एक डाव टाकलं हिला," ती म्हणाली. "तुम्ही रोज टाकून राहिलात."

"आठवडाभर थांब फक्त."

बानो थांबली नाही. गाडा ओढत घरी घेऊन गेली.

पण बोभाटा व्हायचा तो झाला होता. दसऱ्याच्या आत हॉस्टेलला कुलूप लागलं आणि रेवणसिद्ध गावाकडं निघून गेला. खाजानं शिरणी वाटली. रेवणसिद्धाला माफ करायचा विचार त्याच्या मनात तेव्हाही आला नाही, नंतरही नाही.

सादिया मात्र बानोनं घरी नेल्यापासून रोज दुपारी दाराकडं बघून रडू लागली होती. घास तोंडातून बाहेर काढू लागली होती. दसऱ्यापर्यंत तिच्या गालांची हाडं वर आली. शेवटी खाजानं बुद्धप्रिया कुठल्या हॉस्टेलात गेली ते शोधून काढलं आणि गाडा तिथं नेला. तिथल्या बाईंनी फाटक ओढून घेतलं.

"हिला इथं आणू नका. हिला बघून पालक पळतात, सगळ्या लातूरला माहीत हाय."

"हिनं काय केलं कुणाचं, बाई?"

"ते तुम्हालाच ठावं."

खाजा क्लासच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. क्लास सुटला. सादियानं लांबूनच आवाज ओळखला आणि तिचं सगळं अंग हलू लागलं. बुद्धप्रिया आली, पण खाजाकडं बघून थांबली.

"मामा, तुमच्यामुळं आम्हाला ऐन अभ्यासात सामान हलवावं लागलं. दोघी जणी तर घरीच गेल्या, परत आल्याच न्हाईत."

खाजानं नुसता गाडा सावलीत घेतला. मग बुद्धप्रियानं दप्तर खाली ठेवलं, ती सादियाच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवू लागली आणि म्हणाली, "उद्या येताना फणी आणा."