नवतप्यातला गुलाब

अंगणात बसवायच्या सिमेंटच्या गट्टूंनी भरलेली गाडी फाटकाशी रिकामी झाली तेव्हा नंदिनी माझ्या कडेवर होती. तिने त्या लाल-करड्या ढिगाकडे बोट करून "बाबा" म्हटलं. त्या आठवड्यात तिला सगळंच बाबा दिसत होतं.

"पावसाच्या आधी आंगन पक्कं करून टाकतो," मामाजी म्हणाले. मामाजी म्हणजे माझे सासरे, रूपराव. "चिखल नाई, इच्चू नाई, गाडी बी सरळ आत."

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घराला झाडं लावण्याजोगी माती अशी उरली होती ती पूर्वेच्या बाजूला, चार हात. तिथे माझा एक गुलाब होता.

"मामाजी, तेवढी जागा सोडाल?"

"दोन वर्सं सोडली न. काय झालं?"

काय झालं ते सगळ्या घराला ठाऊक होतं. मी नाशिकची. माझ्या वडिलांच्या गच्चीवर गुलाब असे फुलायचे, की शेजारी फुलं मागायला यायचे. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच जानेवारीत नर्सरीतून तळहाताएवढ्या फुलांचे पाच गुलाब आणले. मार्चमध्ये पानांच्या कडा करपल्या, मे महिन्यात नुसत्या काटक्या. दुसऱ्या जानेवारीत आणखी भारी पाच आणले, वर हिरवी जाळी बांधली. काटक्याच. तेव्हा मामाजी म्हणाले होते, "नाशिकचे लाड वर्ध्यात नाई चालत." गुलाबाला म्हणाले की मला, ते विचारायची हिंमत झाली नाही.

मग गेल्या मे महिन्यात आम्ही एका बारशाला देवळीला गेलो. तीन महिन्यांच्या नंदिनीला पदराखाली घेऊन बसस्टँडच्या सावलीत उभी होते, तर वास आला. ओल्या पोत्याखाली टोपलीभर गुलाबी फुलं. लहान, जरा विस्कटलेली, पण ताजी. विकणाऱ्या बाईंचं नाव रामबाई.

"ही फुलं कुठून आणता, मावशी?"

"आनतो कुठून? आमच्या वावराच्या धुऱ्यावरचे हायेत."

"या उन्हात?"

"मंग? देव काय उन्हाळ्यात सुट्टी घेते?"

मी माझ्या दहा गुलाबांची गोष्ट सांगितली. जानेवारी ऐकताच त्या एवढ्या हसल्या, की नंदिनी दचकली.

"अवो बाई, जानेवारीत तं कोनतंबी झाड फुलते! आपल्या इकडचा गुलाब मे महिन्यात पाहून घ्या लागते. आता जो उभा हाय, तो आपला. पाऊस सरला का येजो, काडी देतो."

इतकं सोपं होतं. मी दोन्ही वेळा झाड निवडलं ते त्याच्या सुखाच्या दिवसांत.

दसऱ्यानंतर जाऊन पेन्सिलीएवढी काडी आणली. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर घराची सावली पडेल अशा जागी लावली. काळ्या मातीत पाणी तुंबू नये म्हणून रेती आणि शेणखत मिसळलं. नंदिनी झोपली की मी तिथे. ती धरून उभी राहायला लागली तेव्हा झाड गुडघ्याएवढं झालं होतं. ती चालायला लागली, तेव्हा कमरेएवढं.

आणि आता हे गट्टू.

सासूबाई, आनंदाबाई, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, नवतपा निघू द्या. मंग काय करायचं ते करा."

मे अखेरचे ते नऊ दिवस. त्यात कावळेसुद्धा झाडाच्या बुंध्याशी येऊन बसतात.

"ठीक हाय," मामाजी म्हणाले. "पन नुसता हिरवा राहून नाई चालन. फूल पाह्यजे. नाई तं दहाव्या दिवशी मिस्तरी येईन."

मी बुंध्याभोवती सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वीतभर पसरलं. पहाटे पाणी द्यायचं, ते मुळाशी, पानांवर नाही. छाटणी बंद. चौथ्या दिवशी संध्याकाळी बघते तर सासूबाई कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बादलीने झाडाला घालताहेत.

"आई, नको! त्यात क्षार साठतात."

त्यांचा हात थांबला. "मी तं दोन वर्सं घालून राह्यली होती. ते दहा मीच मारले का वो?"

"नाही आई. ते उन्हानंच गेले."

"खोटं बोलते," त्या म्हणाल्या आणि माठातलं पाणी घेऊन आल्या.

सहाव्या दिवशी पारा सेहेचाळीसच्या वर गेला. खालची पानं गळली. मामाजींनी येता-जाता दोनदा पाहिलं. सातव्या दिवशी पहाटे शेंड्याच्या पानाआड बोराएवढं काहीतरी दिसलं, टोकाशी गुलाबी. मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त नंदिनीच्या कानात सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी मामाजी मोजायचा टेप घेऊन बाहेर आले आणि जागेवर थांबले. फूल मुठीपेक्षा लहान होतं, एका बाजूची पाकळी थोडी करपलेली. बाकी सगळं गुलाबी, उघडं, आणि वास फाटकापर्यंत.

"बाबा," नंदिनीने बोट दाखवलं.

मामाजी वाकले. नाक फुलाशी नेलं, बराच वेळ तसेच राहिले.

"अहो, काऊन वाकले एवढे? कंबर धरली काय?" सासूबाई दारातून.

"धरली नाई. वास घेऊन राह्यलो."

मिस्तरी दुसऱ्या दिवशी आलाच. गट्टू लागले फाटकापासून पायरीपर्यंत. पूर्वेच्या बाजूला मात्र मामाजींनी त्याला हात लावू दिला नाही. लुंगी खोचून स्वतः बसले आणि उरलेले गट्टू तिरपे रोवून मातीभोवती गोल कडं केलं. चार हात जागा होती, कडं झालं सहा हातांचं.

"मामाजी, एका झाडाला एवढी जागा?"

हात झटकत ते उठले. "एका झाडाले कोन म्हनते? देवळीले फोन लाव. त्या बाईले इचार, मे महिन्यातला पांढरा हाय का."