लवाद म्हणून वाघजाई

आत्माराम मेस्त्रीने पुष्कळ घरं बांधली, पण काशीराम भाटकराच्या पडवीसारखी पडवी त्याच्या हातून परत होणार नाही. जयगडच्या रस्त्यावर, वाडीच्या तोंडाशीच ती आहे. इतकी लांब, की एका टोकाला बसलेल्याने पान मागितलं तर दुसऱ्या टोकाकडून ते येईपर्यंत त्याला डुलकी लागते. एसटीच्या एका नव्या ड्रायव्हरने म्हणे गाडी सरळ तिच्यासमोर लावली आणि उतरलेली माणसं बराच वेळ चौकशीची खिडकी शोधत होती. वाडीची माणसं थोडं वाढवून सांगत असतील. पण पडवी काही कोणी लपवून ठेवलेली नाही, जाऊन बघावी.

नकाशात ती एवढी नव्हती. काशीराम जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. शेवटच्या फेरीवर निघताना त्याने आत्मारामशी घराचा करार केला, नकाशा हातात दिला आणि गेला. मागे देखरेखीला त्याची बायको हौसा. ती दर आठवड्याला चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "भावजी, पडवी दोन हात पुढे घ्या हो. आंबे पसरायला पुरायची नाय." पुढच्या आठवड्यात आंब्यांच्या जागी भात यायचं, त्याच्या पुढच्या आठवड्यात नातवाचं बारसं. नातू अजून व्हायचा होता. आत्माराम चहा प्यायचा आणि दोन हात पुढे घ्यायचा. हौसावहिनीला नाही म्हणणारा माणूस वाडीत अजून जन्मला नव्हता, आणि तिच्या चहात आलं भरपूर असायचं.

काशीराम निवृत्त होऊन आला, रिक्षातून उतरला, पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, "जहाजावर एवढा डेक नव्हता रे."

आत्मारामला वाटलं कौतुक करतोय. शेवटचं बिल पुढे केल्यावर कळलं.

"वाढीव काम लेखी सांगितल्याशिवाय करायचं नाय, असं करारात लिवलंय," काशीराम म्हणाला. "लेखी दाखव."

"वहिनींनी सांगितलं."

"ती मलाही खूप सांगते. सगळ्याचे पैसे देत बसलो तर जहाज विकत घ्यावं लागेल."

आत्माराम एरवी थांबला असता. पण त्याचे गवंडी विजापूरकडचे, पावसाच्या आधी गावाला निघायचे. हिशोब पुरा करून गेले तर दिवाळीनंतर परत त्याच्याकडे येणार. हात हलवत गेले तर लोटे गावच्या कारखान्यांवरच्या कोणा ठेकेदाराकडे जाणार. आणि जांभ्याचा चिरा असा बसवणारी माणसं, की सांध्यात मुंगी शिरली तर तिला मागे वळायला जागा मिळू नये, पुन्हा कुठे मिळायची? ती टोळी गेली की आत्माराम मेस्त्री नावापुरता मेस्त्री. मे संपत आला होता.

शेवटी दोघे रत्नागिरीला वकिलाकडे निघाले. एसटी चुकली म्हणून एकाच रिक्षातून गेले. वाटेत एकमेकांशी बोलले नाहीत, भाडं मात्र निम्मं निम्मं दिलं.

राजश्रीमॅडम बांधकामाच्या भांडणांतल्या जाणकार. त्या म्हणाल्या, "दोघांचंही वकीलपत्र मला घेता येणार नाही."

"मग कोणाचंच नको," काशीराम म्हणाला. "नुसतं वाचून सांगा."

त्यांनी करार वाचायला घेतला. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडचा तयार मसुदा, मोकळ्या जागा पेनाने भरलेल्या. शेवटच्या पानावर त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिथे लिहिलं होतं: वाद झाल्यास लवाद, श्री देवी वाघजाई, मुक्काम देऊळ.

"हे कोणी लिहिलं?"

"दोघांनी मिळून," आत्माराम म्हणाला. "टायपिस्ट म्हणाला, दोघांना मान्य असलेलं तटस्थ नाव घाला. सरपंच माझा मेहुणा. मास्तर वहिनींचा मामेभाऊ. वाडीत तटस्थ दुसरं कोण हाय?"

राजश्रीमॅडमनी हसू आवरलं. "लवादाने आधी जाहीर करायचं असतं, की पक्षकारांशी आपले काही लागेबांधे आहेत का."

"हायत की," आत्माराम म्हणाला. "तिचा सभामंडप मी बांधला."

"आणि शिमग्यात तिची पालखी पहिली माझ्या दारात येते," काशीराम म्हणाला. "म्हणजे बरोबरी झाली."

"निवाडा लेखी लागतो. त्यावर लवादाची सही लागते."

काशीरामने हळूच विचारलं, "अंगठा चालंल?"

मॅडम पाणी प्यायल्या. मग नीट समजावून सांगितलं. असा लवाद कायद्यात टिकणार नाही. दुसरा नेमायचा, दोघांचं एकमत नाही, तर हायकोर्टात अर्ज. त्यात पावसाळा जाईल. आत्मारामच्या डोळ्यांपुढे गवंड्यांची पिशव्या भरलेली रांग आली.

"एक सांगा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे देवीला विचारतात कसं?"

"गुरव फुलांचा कौल लावतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाय. त्याआधी गाऱ्हाणं घालतो. काय झालं ते सगळं देवीला सांगतो, एकेक वाक्य झालं की जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात."

"आणि वाक्य खोटं असलं तर?"

आत्माराम चकित झाला. "देवीपुढं खोट्याला व्हय कोण म्हणंल?"

मॅडमनी करार मिटला. "रविवारी मी येते," त्या म्हणाल्या. "लवादाची कामाची पद्धत बघायला."

रविवारी सकाळी सगळी वाडी देवळात. एवढी माणसं, की चपलांचा ढीग बघून पलीकडच्या वाडीचा एक जण दुकान लागलंय समजून भाव विचारून गेला. लवू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या, नारळ पुढे ठेवला, आणि खडा आवाज लावला.

"बा देवी वाघजाई, आज तुझ्या पायाशी काशीराम आणि आत्माराम आलेत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"काशीरामानं घर बांधायला दिलं, आत्मारामानं बांधलं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पडवी ठरल्याहून लांब झाली म्हाराजा."

ह्याला तर रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षावाल्यानेही व्हय म्हटलं.

"ती आत्मारामानं आपल्या मर्जीनं वाढवली म्हाराजा."

कोणी बोललं नाही. लवूने मागे वळून बघितलं. हे वाक्य काशीरामने सांगितलेलं, पण काशीरामच आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

बायकांमधून हौसाचा आवाज आला. "मी वाढवायला सांगितली, असं म्हण."

"हौसानं सांगितली म्हाराजा," लवूने वाक्य बदललं.

"व्हय म्हाराजा," हौसा म्हणाली, आणि तिच्यामागून सगळी वाडी.

राजश्रीमॅडम खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. "गुरवकाका, एक वाक्य माझं घालता येईल?"

"देवीला सगळ्यांचं चालतं."

"ही पडवी काशीराम रोज वापरतात."

लवूने ते देवीच्या भाषेत सांगितलं. "रोज सांजचा काशीराम त्या पडवीत खुर्ची टाकतो, चार माणसं जमवतो, आफ्रिकेतल्या माशाची गोष्ट सांगतो म्हाराजा. तो मासा दर खेपेला थोडा वाढतो म्हाराजा."

वाडी हसून म्हणाली, "व्हय म्हाराजा." काशीरामचे ओठ हलले. लोकांपर्यंत आवाज आला नाही, पण लवू जवळ उभा होता, त्याने 'व्हय' ऐकलं.

रोज वापरतो त्या पडवीचे पैसे आता तो नाही कसे म्हणणार? आत्मारामला छातीवरून चिरा उचलल्यासारखं हलकं वाटलं. तेवढ्यात हौसा परत म्हणाली, "माझं अजून एक हाय."

"बोल गो."

"पडवी पुसताना पाणी उंबऱ्याकडं येतं."

लवूने देवीकडे तोंड केलं. "पडवीच्या एका कोपऱ्याचा उतार घराकडं गेलाय म्हाराजा."

आता सगळे आत्मारामकडे बघू लागले. हे आत्मारामला फरशी बसवली त्याच दिवशी कळलं होतं. पाणी ओतून बघितलं होतं, आणि ते उंबऱ्याकडे निघाल्यावर फडक्याने पुसून टाकलं होतं. वकिलापुढे त्याने शपथेवर सांगितलं असतं की उतार अंगणाकडेच आहे. इंजिनियर आला असता तर त्याच्याशी वाद घातला असता. पण वाघजाईच्या खांद्यावर पाकळ्या होत्या, आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर त्यानेच घातलेलं. ते एका पावसातही गळलं नव्हतं. तिला तो काय सांगणार?

त्याला वाटलं, गेले आता गवंडी.

"व्हय म्हाराजा," तो एकटाच म्हणाला.

काशीरामने घसा साफ केला.

"तेवढा कोपरा नीट कर," तो म्हणाला. "बिल देतो."

"कोपऱ्याची मजुरी लावत नाय," आत्माराम म्हणाला.

"लावशील कशी? उतार माझ्या बायकोनं थोडाच सांगितला होता?"

"सांगितला असता तर नीट झाला असता," हौसा म्हणाली.

राजश्रीमॅडमनी तिथेच, सभामंडपात बसून, तडजोड लिहून काढली. दोघांनी सह्या केल्या, लवूने आणि मास्तरने साक्षीदार म्हणून केल्या. सही करताना काशीराम पुटपुटला, "घर माझं, आणि पडवी किती लांब ते मला फोनवर पण कोणी सांगितलं नाय."

"सांगितलं असतं तर नको म्हणाला असतास," हौसा म्हणाली.

"म्हटलं असतं," काशीराम म्हणाला. "मग मासा कुठं मावला असता?"

मॅडमनी लवूला विचारलं, "कौल कुठला पडला?"

लवूने वाकून बघितलं. पाकळ्या दोन्ही खांद्यांवर जशा लावल्या तशा चिकटून होत्या. "पडंल कशाला?" तो म्हणाला. "तिला अजून विचारलंच नाय."

लवादाची फी म्हणून नारळ फुटला. मॅडमना खोबऱ्याचा मोठा तुकडा मिळाला, त्याला त्यांनी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी विजापूरच्या गवंड्यांनी तो कोपरा उखडून परत बसवला. काशीराम मास्तरला सोबत घेऊन बाजूलाच खुर्ची टाकून बसला होता आणि त्यांना मासा सांगत होता. त्यांना मराठी अर्धंच कळायचं, त्यामुळे मासा निम्माच राहिला. काम झालं, सिमेंट धरलं, गवंडीही पडवीत टेकले, तेव्हा हौसाने भरलेली बादली आणली. आत्माराम पुढे झाला, पण ती त्याच्या हाती देईना. तिने स्वतःच बादली उंबऱ्यापाशी ओतली.

पाणी क्षणभर थांबलं, मग पडवीभर पसरत अंगणाकडे निघालं. गवंड्यांनी, काशीरामने आणि मास्तरने एकापाठोपाठ एक पाय वर घेतले. पडवी लांब होती. पाणी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्या सगळ्यांना पाय वर धरून बसावं लागलं.

"चहा ठेवते," हौसा म्हणाली. "आणि भावजी, जाण्याआधी जरा मागची बाजू बघून घ्या."

"वहिनी," आत्माराम म्हणाला, "ह्या खेपेला लिहून द्या."

"मी पण सही करतो," काशीराम म्हणाला. त्याचे पाय अजून वरच होते.