बदामी लिपस्टिकने घेतलेला सूड

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. नळीच्या तळाशी नखभर रंग उरला आहे, झाकण सैल झाले आहे आणि अंगावरचे सोनेरी नाव केव्हाच पुसले गेले आहे. माझा रंग भाजलेल्या बदामाच्या सालीचा. दुकानदार आम्हाला 'न्यूड' लिपस्टिक म्हणतात, म्हणजे लावूनही न लावल्यासारखी. असल्या सोज्वळ रंगाने कसला सूड घेतला असेल, असे तुम्हाला वाटेल. ऐका तर मग.

कारखान्यात मेण, तेल आणि रंग एकत्र वितळवून मला साच्यात ओतले. दुकानात माझ्या शेजारी गुलाबी छटेच्या गोऱ्यागोमट्या बहिणी उभ्या असत. गिऱ्हाइके त्यांना उचलत आणि मला 'मातकट' म्हणून परत ठेवत. एके दुपारी एक तरुणी आली. तिने मला मनगटावर ओढले आणि थेट दाराशी, उन्हात जाऊन पाहिले. तिच्या मनगटावरच्या शिरा हिरवट दिसत होत्या. म्हणजे कातडीच्या आतली छटा पिवळसर, उबदार. अशा कातडीवर फिकट गुलाबी रंग राखेसारखा बसतो आणि माझ्यासारखा बदामी रंग तिचाच होऊन जातो. "हीच!" ती स्वतःशी म्हणाली. त्या एका शब्दावर मी जन्माची तिची झाले.

ती घरातली धाकटी सून. तिच्या थोरल्या जाऊबाईंचे घराखालीच पार्लर होते. वर्षभरात धाकटीला एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या नोकरीसाठी मुलाखतीचे बोलावणे आले. त्याच जागेसाठी थोरलीची सख्खी बहीणही जाणार होती.

मुलाखतीच्या सकाळी धाकटी आंघोळीला गेली, तेव्हा थोरलीने मला तिच्या पर्समधून उचलले आणि पार्लरच्या ड्रॉवरमध्ये, मोडक्या कंगव्यांखाली कोंबले. थोड्या वेळाने धाकटी पर्स उलटीपालटी करत खाली आली.

"ताई, माझी लिपस्टिक सापडत नाहीये हो."

"अगं, त्यात काय एवढं? बस इथे, मी लावते ना!" थोरली मधाळ आवाजात म्हणाली. "न्यूड म्हणजे अंगाचाच रंग. कुठलाही चालतो."

आणि तिने धाकटीच्या ओठांवर फिकट गुलाबी रंग फिरवला. आरशाभोवती पिवळे दिवे होते. त्या उजेडात फिकट गुलाबीही खुलून दिसतो. मी ड्रॉवरमध्ये तळमळत राहिले आणि धाकटी गेली.

हॉटेलच्या काचेच्या दालनात लख्ख ऊन होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "तुम्हाला बरं नाही का? पाणी देऊ?" धाकटीचा धीर तिथेच खचला. येत असलेली उत्तरेही अडखळली. संध्याकाळी ती पार्लरमध्ये येऊन हे रडत सांगत होती, आणि थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. नोकरी बहिणीला लागली. पार्लर बंद करताना थोरली फोनवर तिला म्हणाली, "अशी पांढरीफटक करून पाठवली होती ना!" आणि पोट धरून हसली.

मित्रांनो, राग विसरावा असे तुम्हाला शिकवतात. कंगव्यांच्या दातांखाली अंधारात पडून कुणी विसरून दाखवावे.

पुढे धाकटी नाइलाजाने थोरलीच्याच पार्लरमध्ये मदतीला लागली. एकदा ड्रॉवर आवरताना मी तिच्या हाताला लागले. तिने माझ्याकडे पाहिले. मग गिऱ्हाइकाच्या भुवया कोरणाऱ्या थोरलीकडे पाहिले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला मुठीत घट्ट दाबून ती चहा टाकायला निघून गेली. त्या मुठीच्या उबेने मी जवळजवळ वितळले.

मग व्यापारी मंडळाने थोरलीच्या पार्लरला पुरस्कार जाहीर केला. नेमका तेव्हाच तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. "तूच कर बाई माझा मेकअप," असे म्हणून तिने चष्मा काढून ठेवला. थोरलीची कातडी गुलाबी, शिरा निळसर. माझा रंग तिला कधीच मानवणारा नव्हता. धाकटीने आधी गुलाबी लिपस्टिक उचलली. माझा जीव टांगणीला लागला. क्षणभराने तिने ती खाली ठेवली आणि माझे झाकण उघडले.

"कुठली गं?"

"न्यूडच आहे, ताई. ओठ सैल सोडा."

मी त्या ओठांवरून सावकाश फिरले. कोपरा न् कोपरा भरला.

समारंभ मोकळ्या पटांगणात, भर उन्हात झाला. थोरलीचे ओठ चिखल चाटल्यासारखे दिसत होते. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "हिच्याकडून आपण तोंड रंगवून घ्यायचं होय?" त्याच चेहऱ्याचा फोटो मंडळाच्या फलकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लागला. फोटो पाहताच थोरलीला सगळे उमगले. पण बोलणार काय? चुकीची छटा चेहऱ्याची कशी माती करते, हे आपल्याला ठाऊक आहे असे चारचौघांत म्हणायचे, तर मुलाखतीचा दिवसही उकरावा लागला असता. ती फोटोग्राफरला शिव्या देत राहिली आणि मी मनसोक्त ऐकत राहिले.

ओट्याशी दोघीच असताना मात्र तिने विचारले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"ड्रॉवर आवरला तेव्हापासून."

"आणि इतके दिवस हसून चहा देत होतीस मला?"

"साखर कधी कमी पडली का, ताई?"

थोरलीने हातातल्या कपाकडे पाहिले आणि तो न पिताच खाली ठेवला.

मला पश्चात्ताप झाला, असे सांगून गोष्ट गोड करता आली असती. झाला नाही. तुम्हाला मात्र एवढेच विनवते : आमचे झाकण नीट लावत जा, आम्हाला उन्हात टाकू नका. रंग निवडाल तो दिवसाच्या उजेडात, स्वतःच्या मनगटावर, स्वतःच्या डोळ्यांनी निवडा. आणि दुसऱ्याची वस्तू लपवायचीच असेल, तर लांब कुठेतरी फेकून या, घरात ठेवू नका. ठेवलेली वस्तू वाट पाहत बसते.